वादळाचा बावटा: ॲडमिरल फिट्झरॉय आणि ‘अंदाज’ या शब्दाची किंमत

इतिहासाच्या आपल्या या सदरात आज हवामान.

ज्यांचं लहानपण कोकणात किंवा मुंबईच्या एखाद्या कोळीवाड्याजवळ गेलंय, त्यांना एक बातमी पाठ असेल: ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे.’ बावटा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि आभाळाकडे बघत बसायचं. या बावट्याच्या घराण्याचा मूळपुरुष शोधत गेलं तर आपण १८६१ सालच्या लंडनमध्ये पोचतो, रॉबर्ट फिट्झरॉय नावाच्या एका नौदल अधिकाऱ्यापाशी.

हे नाव आपल्याला शाळेत भेटलं असेल तर एका ओळीत: डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगभर फिरला, त्या जहाजाचा कप्तान. पण डार्विन बोटीवर येण्याआधीची एक गोष्ट आहे. १८२९ च्या जानेवारीत, दक्षिण अमेरिकेत प्लाटा नदीच्या मुखाजवळ, अचानक आलेल्या वादळी झोताने ‘बीगल’ जवळजवळ आडवं झालं. दोन खलाशी समुद्रात पडून बुडाले. वायुभारमापकाचा पारा आधीच उतरला होता. तेवीस वर्षांच्या नव्या कप्तानाने तो पाहिलाही होता, पण शिडं वेळेत उतरवली गेली नाहीत. पुढचा सगळा फिट्झरॉय मला या प्रसंगात दिसतो. पारा काय म्हणतो हे माहीत असणं आणि माणसं वेळेत हलणं, यांच्यामधल्या दरीत तो आयुष्यभर उभा राहिला.

१८५४ साली ब्रिटिश सरकारने व्यापार मंडळाच्या हाताखाली हवामानाचं एक छोटं खातं काढलं आणि फिट्झरॉयला त्याचा प्रमुख नेमलं. आजच्या मेट ऑफिसची ही सुरुवात. काम कारकुनी होतं: जहाजांच्या नोंदवह्या गोळा करायच्या, वाऱ्यांची आकडेवारी मांडायची. उद्याचं हवामान सांगणं त्यात नव्हतंच. त्याच वर्षी हाउस ऑफ कॉमन्समध्ये एका सदस्याने म्हटलं, की लंडनचं हवामान कदाचित चोवीस तास आधी कळू शकेल. त्यावर सभागृहात हशा पिकला.

पाच वर्षांनी हसू थांबलं. २५ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं. मेलबर्नहून निघालेलं, लिव्हरपूलला पोचायला काही तासांचा अवकाश. चारशेहून जास्त माणसं गेली. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून कमाई करून परतणारे बरेच होते, आणि काहींना कमरेला बांधलेल्या सोन्यानेच तळाला नेलं असं सांगतात. परदेशातून घरी परतणाऱ्यांची बोट घराच्या दारात बुडावी, हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

फिट्झरॉयने त्या वादळाच्या नोंदी लावून पाहिल्या. वादळ एकदम सगळीकडे कोसळलं नव्हतं. दुपारी ते डेव्हन-कॉर्नवॉलला होतं, अँगलसीला पोचायला रात्र झाली. आणि तोपर्यंत देशभर तारायंत्राच्या तारा पसरल्या होत्या. वादळापेक्षा तार जलद जाते, एवढा साधा तो हिशोब.

मग त्याने यंत्रणा उभारली. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी रोज सकाळी पारा, वारा आणि तापमान तारेने लंडनला कळवायचं, आणि वादळाची चिन्हं दिसली तर लंडनहून बंदरांना उलट तार जायची. बंदरावर उंच डोलकाठी. तिच्यावर कॅनव्हासचा काळा शंकू चढवायचा: टोक वर असेल तर उत्तरेकडचं वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडचं. शंकूबरोबर ढोल चढला तर मोठा धोका. रात्री त्याच आकारांत कंदील. वाचता न येणाऱ्या माणसालाही मैलभरावरून कळावं असा तो निरोप होता. त्याआधी त्याने मच्छीमारांच्या लहान बंदरांतून वायुभारमापक बसवले होते, आणि ते कसे वाचायचे याची सोप्या भाषेतली पुस्तिकाही लिहिली होती. आमच्या धंद्यात ‘वापरणारा कोण आहे ते आधी बघा’ हे शिकवायला दोन दिवसांची कार्यशाळा घेतात. या गृहस्थाला ते समुद्राने शिकवलं होतं.

पहिला इशारा ६ फेब्रुवारी १८६१ चा. तीनच दिवसांनी व्हिटबीच्या किनाऱ्यावर भयानक वादळ आलं. तिथल्या बचावनौकेवरचे लोक एकामागून एक जहाजांवरची माणसं काढत राहिले. शेवटी त्यांचीच नौका उलटली आणि तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट त्या दिवशी त्याच्या अंगात होतं.

१ ऑगस्ट १८६१ ला ‘टाइम्स’मध्ये पहिल्यांदा सर्वसामान्यांसाठी हवामानाचा अंदाज छापून आला. पुढच्या दोन दिवसांत उत्तरेला, पश्चिमेला, दक्षिणेला वारा कसा असेल आणि हवा बरी राहील की नाही, एवढंच. वाचताना आज काहीच वाटणार नाही.

खरी गंमत शब्दात आहे. भाकीत, भविष्यवाणी हे शब्द फिट्झरॉयने मुद्दाम टाळले. पंचांगकर्ते आणि कुडमुडे ज्योतिषी तेव्हा विलायतेतही भरपूर होते, त्यांच्या पंक्तीला त्याला बसायचं नव्हतं. त्याने ‘फोरकास्ट’ हा शब्द निवडला आणि १८६३ च्या आपल्या ‘वेदर बुक’मध्ये त्याचा खुलासा केला: शास्त्रीय माहिती आणि गणित यांवरून बनवलेलं हे मत आहे, भाकीत नव्हे. बावट्याबद्दलही त्याचं म्हणणं तेच. तो हुकूम नाही, सावधगिरीची सूचना आहे. निघायचं की थांबायचं हे कप्तानाने ठरवावं. मराठीत आपण नेमका ‘अंदाज’ म्हणतो, आणि तरीही तो चुकला की खात्याला शिव्या देतो. छत्री न्यायची की नाही यावरचे विनोद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

त्याचे अंदाज चुकायचे, आणि चुकणारच होते. मोजकी ठाणी, पश्चिमेला अख्खा अटलांटिक आंधळा. जो ‘टाइम्स’ अंदाज छापत होता, तोच त्यांची टिंगलही करू लागला. मासेमारी जहाजांच्या मालकांची तक्रार वेगळी होती: शंकू चढला की खलाशी किनाऱ्यावर बसतात, आणि वादळ आलं नाही तर दिवस फुकट जातो. एमबीएच्या वर्गात आम्ही याचा तक्ता काढला असता, खोट्या गजराचा खर्च एका रकान्यात आणि हुकलेल्या इशाऱ्याचा दुसऱ्यात. तक्त्यात एक गोष्ट मात्र दिसत नाही. पहिला खर्च मालकाच्या खिशातून जातो, दुसरा खलाशाच्या बायकामुलांच्या. आणि तक्रारीची पत्रं मालक लिहितात.

शास्त्रज्ञही नाराज होते. सिद्धांत पक्का नसताना सरकारी शिक्क्यानिशी अंदाज कसले देता, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. कामाचा ताण, खालावलेली प्रकृती, स्वतःचे पैसे कामांत घालून झालेलं कर्ज, या सगळ्यात ३० एप्रिल १८६५ ला, एका रविवारी सकाळी, फिट्झरॉयने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय एकोणसाठ. कुटुंबासाठी निधी उभारावा लागला. मतभेद विसरून डार्विननेही त्यात शंभर पौंड दिले.

पुढच्या वर्षी फ्रान्सिस गाल्टनच्या समितीने अहवाल दिला आणि १८६६ च्या डिसेंबरात वादळाचे इशारे बंद झाले. तेव्हा ओरड झाली ती बंदरांतून. शंकू चुकतो म्हणणाऱ्यांनाही तो नसला की काय होतं ते कळलं. संसदेत हा विषय लावून धरणाऱ्यांमध्ये ॲबर्डीनचे खासदार कर्नल साइक्स होते. हे नाव पक्षीनिरीक्षकांनी ऐकलं असेल, एक चंडोल अजून त्यांच्या नावाने ओळखला जातो. खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला हा अधिकारी पुढे मुंबई सरकारसाठी दख्खनभर फिरून आकडेवारी गोळा करत होता, आणि दख्खनच्या हवामानावर त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी निबंधही लिहिला होता. घाटमाथ्यावर पारा वाचायला शिकलेला माणूस स्कॉटलंडच्या कोळ्यांच्या बाजूने उभा राहिला, हे मला आवडतं. १८६७ च्या अखेरीला इशारे परत सुरू झाले. वर्तमानपत्रातल्या अंदाजांना मात्र १८७९ उजाडलं.

हिंदुस्थानात १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची वाताहत झाल्यावर तिथल्या बंदरासाठी इशारे सुरू झाले, आणि १८७५ साली भारतीय हवामान खातं. त्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो. बावट्यांचे क्रमांक एक ते अकरा. दहा म्हणजे महाभयंकर. अकरा त्याच्याही पुढचा: हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे, आणि इथल्या अधिकाऱ्याला लक्षण ठीक दिसत नाही. निरोपच पोचत नाही, हाही एक निरोप. ज्याने हा क्रमांक ठरवला त्याला माझा नमस्कार.

अंदाज सांगणाऱ्याची अडचण अजून तीच आहे. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही मुंबईच. ‘मुंबईत जोरदार पाऊस’ हे वाक्य कुणासाठी लिहायचं? इथे ब्रिटनमध्ये १५ ऑक्टोबर १९८७ ला बीबीसीवर मायकेल फिश यांनी हसत सांगितलं, की एका बाईंनी चक्रीवादळ येतंय असं ऐकल्याचं फोनवर कळवलंय, पण काळजी नको. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली. फ्लोरिडाकडच्या वादळाबद्दल बोलत होतो, असं ते नंतर सांगत राहिले, पण लोकांनी ती चित्रफीत काही सोडली नाही.

त्यानंतर, १९८८ पासून, इथे तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांची राष्ट्रीय व्यवस्था आली. आज फोनवर येणारा पिवळा, अंबर किंवा लाल रंग फक्त वाऱ्याचा वेग सांगत नाही. घडण्याची शक्यता किती आणि घडलंच तर नुकसान किती, या दोन्हींवरून तो ठरतो. म्हणून पिवळ्याचे दोन अर्थ निघतात: किरकोळ त्रास नक्की होईल, किंवा मोठा त्रास होण्याची थोडी शक्यता आहे. इशारा उघडून खालचा मजकूर वाचल्याशिवाय यातला कुठला ते कळत नाही. आमच्या प्रकल्पांतही असे रंग असतात, आणि बाहेरून हिरव्या, आतून लाल प्रकल्पांना आम्ही कलिंगड म्हणतो. त्या मानाने मेट ऑफिसचा रंग बराच प्रामाणिक.

त्या मेट ऑफिसचा एक्सेटरमधला पत्ता आहे फिट्झरॉय रोड. आणि ४ फेब्रुवारी २००२ पासून, स्पेनबरोबर नावाचा गोंधळ होत असल्याने, ‘फिनिस्टेर’ या सागरी विभागाचं नाव बदलून फिट्झरॉय झालं. माणसाच्या नावाचा तो एकच विभाग. रात्री जागे असाल तर मध्यरात्र उलटल्यावर रेडिओ फोर लावा. बिस्के आणि ट्रफाल्गर झाले, की त्याचं नाव येतं.