पत्र पोचवणाऱ्याच्या हाती किती चाव्या?

टपालपेटीत पत्र टाकायला चावी लागत नाही, पत्र काढायला लागते. लोखंडी पेटीला वर एक फट ठेवली की काम भागते. संगणकावरच्या टपालपेटीला अशी फट नसते. युनिक्सवर ही पेटी म्हणजे एक साधी फाइल. तिच्यात नवे पत्र जोडायचे तर फाइलमध्ये लिहिण्याची परवानगी हवी, आणि ज्याला लिहिता येते त्याला आधीची पत्रे पुसूनही टाकता येतात. मग पत्र पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची तरी कोणती? युनिक्स आणि तिच्या धर्तीवरच्या लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या प्रणालींवर गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली गेली. त्यांतली काही फार महागात पडली.

या हकीकतीत दोन माणसे लक्षात ठेवायची. एक प्रोग्रॅम लिहिणारा. दुसरा तो प्रोग्रॅम हजारो यंत्रांवर बसवता येईल असा बांधून देणारा, म्हणजे पॅकेज तयार करणारा. कोणती फाइल कुठे ठेवायची, तिचा मालक कोण, गट कोणता, परवानग्या कोणत्या आणि कोणत्या सोयी सुरू ठेवायच्या, हे बहुतेक वेळा हा दुसरा ठरवतो. त्याचे नाव इतिहासात क्वचितच येते.

युनिक्सचा जन्म १९६९मधला, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. तिच्यात प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. आणि वाचणे, लिहिणे, चालवणे या तीन परवानग्या मालक, गट व इतर सर्व यांच्यासाठी निरनिराळ्या दिलेल्या असतात. या सगळ्यांच्या वर ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी. त्याला कोणतीही परवानगी आड येत नाही. एरवी प्रोग्रॅम ज्याने सुरू केला त्याच्याच अधिकाराने चालतो. पण डेनिस रिची यांनी एक युक्ती काढली. फाइलवर एक जादा खूण केली की प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. या युक्तीला ‘सेटयूआयडी’ म्हणतात. तिच्या पेटंटसाठी १९७३मध्ये अर्ज झाला, १९७९मध्ये ते मिळाले आणि बेल प्रयोगशाळेने ते सर्वांना खुले केले. शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या परवानग्या मुलांना दाखवाव्यात. ‘एक्स’ या अक्षराच्या जागी बहुधा ‘एस’ दिसेल. तीच ती खूण.

टपालासाठी ही खूण सोयीची होती. पत्र पोचवणारा प्रोग्रॅम रूटच्या मालकीचा करून त्यावर खूण केली की कोणाच्याही पेटीत त्याला लिहिता येते. एरिक ऑलमन यांचा ‘सेंडमेल’ १९८३मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर सर्वत्र गेला, तो असाच. बाहेरून पत्र घेणे, पत्ता उलगडणे, रांगेत ठेवणे, पुढे पाठवणे ही सगळी कामे एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये, आणि तो सगळा रूटच्या अधिकाराने चालणारा. पोस्टमनच्या हाती साऱ्या इमारतीची चावी द्यावी, तसे हे झाले. पोस्टमन प्रामाणिक असला तरी त्याला कोणी फसवले तर काय, हा विचार तेव्हा फारसा झालेला नव्हता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी तो करावा लागला. रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरत गेला. सुमारे ६,००० यंत्रांना बाधा झाली असा अंदाज तेव्हा केला गेला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक सेंडमेलमधून जात होती. सेंडमेलमध्ये चाचणीसाठी एक ‘डीबग’ सोय होती. ती चालू असली की पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी चक्क एक आज्ञा लिहिता येई. वर्म तिथे अशी आज्ञा लिही की पत्राचा वरचा मायना काढून टाकावा आणि खालचा मजकूर शेलकडे, म्हणजे आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे द्यावा. पत्रात निरोप नसेच, असत त्या आज्ञा.

ही सोय सेंडमेलच्या मूळ प्रोग्रॅममध्ये होती हे खरे. पण ती चालू ठेवायची की बंद, हे प्रोग्रॅमची बांधणी करताना ठरत होते. अनेक विक्रेत्यांनी ग्राहकांना पाठवलेल्या तयार प्रतींत ती चालूच राहिली होती. म्हणून मॉरिसचा वर्म ही जितकी प्रोग्रॅमच्या चुकीची गोष्ट म्हणून सांगतात, तितकीच ती पॅकेजच्या चुकीचीही आहे असे मला वाटते. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे सुरक्षा केंद्र स्थापन झाले.

सर्टने जानेवारी १९९५मध्ये दिलेला एक इशारा इथे फार बोलका आहे. तो सेंडमेलबद्दल नव्हता. पेटीत पत्र टाकण्याचे शेवटचे काम करणाऱ्या, सेंडमेलहून कितीतरी लहान असलेल्या ‘मेल’ या प्रोग्रॅमबद्दल होता. काही युनिक्सवर सगळ्या टपालपेट्या ज्या डिरेक्टरीत असत ती सर्वांना लिहिण्यासाठी खुली होती. आता समजा, रूटचा अधिकार असलेला प्रोग्रॅम आधी तपासतो की पेटी ही साधी फाइलच आहे ना, आणि मग तिच्यात लिहितो. या दोन पायऱ्यांमधल्या क्षणात कोणी ती फाइल काढून तिथे पासवर्डच्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा ठेवला तर? प्रोग्रॅम बिनदिक्कत पासवर्डच्या फाइलमध्ये पत्र लिहून मोकळा होतो, आणि पत्रात काय असावे हे तर पाठवणाऱ्याच्याच हाती. प्रोग्रॅम कितीही तपासो, डिरेक्टरी खुली असेपर्यंत ही शर्यत जिंकण्याची संधी राहतेच. डेबियन लिनक्सच्या नियमांत यावर साधा उपाय आहे. ही डिरेक्टरी ‘मेल’ नावाच्या गटाची, आणि तिच्यात लिहिण्याची मुभा रूट व त्या गटालाच. पोचवणाऱ्याला गटाचा अधिकार दिला की बऱ्याच कामांसाठी रूटची गरज उरत नाही. इमारतीची चावी काढून घेऊन फक्त टपालखोलीची द्यायची.

आता गाळणीकडे येऊ. पत्रे वाढली तशी ती आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत जावीत ही गरज निर्माण झाली. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी १९९०मध्ये ‘प्रॉकमेल’ लिहिला आणि तो जगभर गेला. पत्र पोचवणे व गाळणे ही दोन्ही कामे तो करी. प्रत्येक वापरणारा आपले नियम आपल्या फाइलमध्ये लिही: अमुक विषयाचे पत्र तमुक कप्प्यात, किंवा ते दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमकडे द्यावे. या शेवटच्या मुभेतच धोका आहे. ज्याचे नियम आहेत त्याच्याच अधिकाराने ते चालले पाहिजेत. रूटचे कपडे उतरवण्याआधी एक जरी नियम चालला तरी सगळे संपले. म्हणून प्रॉकमेल आधी नियमांच्या फाइलचा मालक व परवानग्या पाहतो, आणि दुसऱ्या कोणाला तिच्यात लिहिता येत असेल तर ‘संशयास्पद’ अशी नोंद करून ती वाचायचे नाकारतो.

प्रॉकमेलची बांधणी करताना एक गंमत होई. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पेटीत लिहू नयेत म्हणून कुलूप लावण्याच्या कोणत्या पद्धती या यंत्रावर खात्रीने चालतात, याची चाचणी तो तिथल्या तिथे घेई. शिवाय टपालाची डिरेक्टरी पाहून, आपल्यावर कोणत्या खुणा कराव्यात याची शिफारसही करी. एका प्रयोगशाळेत एका यंत्रासाठी बांधणाऱ्याला हे उत्तम. पॅकेज करणारा मात्र स्वतःच्या यंत्रावर बांधतो आणि जगभर पाठवतो. त्याच्या यंत्राने दिलेले उत्तर दुसऱ्याच्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. म्हणून ही उत्तरे आधीच ठरवून देण्याची सोयही त्यात ठेवावी लागली. पॅकेजने एखाद्या फाइलवर खूण केली आणि तिथल्या व्यवस्थापकाला ती नको असेल, तर त्याने काढलेली खूण पुढच्या आवृत्तीबरोबर गुपचूप परत येऊ नये, यासाठी डेबियनमध्ये व्यवस्थापकाचा निर्णय नोंदवून ठेवणारे एक स्वतंत्र साधन आहे. अशी साधने दिसायला क्षुल्लक असतात.

अधिकार वाटून देण्याचे सर्वांत काटेकोर उदाहरण गणितज्ञ डॅनिएल बर्नस्टाइन यांच्या ‘क्यूमेल’चे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात १९९५च्या अखेरीस त्यांनी ते काम सुरू केले. सेंडमेलचे एकसंध काम त्यांनी छोट्या छोट्या प्रोग्रॅममध्ये तोडले आणि त्यांना निरनिराळे वापरकर्ते नेमून दिले. सेटयूआयडीची खूण उरली ती एकाच प्रोग्रॅमवर, तीही रूटसाठी नव्हे, तर रांग सांभाळणाऱ्या एका साध्या वापरकर्त्यासाठी. सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्यास ५०० डॉलर देण्याची घोषणा त्यांनी १९९७मध्ये केली. पेटीचे रूपही बदलले. एका फाइलऐवजी डिरेक्टरी, आणि प्रत्येक पत्राची वेगळी फाइल. पत्र आधी ‘टीएमपी’ या कप्प्यात पूर्ण लिहायचे आणि मग ‘न्यू’ या कप्प्यात सरकवायचे. सरकवणे एका क्षणात होते किंवा होतच नाही, त्यामुळे कुलुपाची गरजच संपली.

गंमत अशी की इतका विचारपूर्वक लिहिलेला क्यूमेल पॅकेज करायला भलताच अवघड होता. वापरकर्त्यांचे क्रमांक बांधणीच्या वेळी प्रोग्रॅममध्येच कोरले जात. दुसऱ्या यंत्रावर तेच क्रमांक दुसऱ्या कोणाचे असले तर सारी विभागणी कोसळणार. त्यात बर्नस्टाइन बदललेल्या प्रती वाटू देत नसत. म्हणून डेबियनने मूळ मजकूर तेवढा दिला. बांधणी ज्याने त्याने आपल्या यंत्रावर करायची. २००७मध्ये त्यांनी क्यूमेल सर्वांना खुला केला. दरम्यान वीत्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला ‘पोस्टफिक्स’ १९९८च्या अखेरीस आला होता. विभागणीचेच तत्त्व त्याने पॅकेज करणाऱ्यांना पेलेल अशा रीतीने मांडले, आणि माझ्या मते त्याच्या प्रसाराचे हे एक मोठे कारण आहे.

गाळणीपुरता वेगळा मार्ग ‘सीव्ह’ या नियमभाषेने घेतला. तिचे पहिले प्रमाण जानेवारी २००१मधले. तिच्या मूळ प्रमाणात फेऱ्या घेणारी आज्ञा नाही आणि बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याची सोयही नाही, मुद्दामच. प्रॉकमेलची ३.२२ ही आवृत्तीही २००१चीच. मग काम थांबले, पण पॅकेजांत तो वर्षानुवर्षे राहिला. नोव्हेंबर २०१४मध्ये फिलिप गेन्थर यांनी ओपनबीएसडीमधून प्रॉकमेलचे पॅकेज काढून टाका, हा प्रोग्रॅम सुरक्षित नाही, असे जाहीर लिहिले. गेन्थर हे स्वतः पूर्वी त्या प्रोग्रॅमची देखभाल करणारे. स्वतः वर्षानुवर्षे सांभाळलेल्या कामाबद्दल असे लिहिणे सोपे नसावे. २०२०मध्ये मूळ लेखकाने देखभाल पुन्हा हाती घेतली.

ओपनबीएसडीच्याच लोकांनी लिहिलेला ‘ओपनएसएमटीपीडी’ हा टपाल-प्रोग्रॅमही विभागणीचे तत्त्व पाळणारा. पण पत्र पेटीत टाकण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर तो शेलसाठी एक आज्ञा तयार करी आणि पाठवणाऱ्याचा पत्ता तिच्यात घाली. पत्ता तपासणाऱ्या भागात चूक होती. २८ जानेवारी २०२० रोजी क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की पत्त्याच्या जागी लिहिलेली आज्ञा रूटच्या अधिकाराने चालते. जशीच्या तशी बसवलेली प्रत फक्त स्वतःच्याच यंत्राकडून येणारी पत्रे घेत असे, म्हणून तिथे बाहेरून थेट धोका नव्हता. बाहेरची पत्रे घेणारी मांडणी ज्यांनी सुरू केली त्यांना होता. पत्त्याच्या त्या भागात ६४ अक्षरांचीच जागा, आणि काही चिन्हे चालत नाहीत. तेवढ्यात मोठी आज्ञा कशी बसवायची? संशोधकांनी आपण कोणाची युक्ती वापरली हे अहवालात लिहूनच ठेवले आहे. मॉरिसच्या वर्मची. पत्राच्या वरच्या ओळी सोडून द्यायच्या आणि खालचा मजकूर शेलकडे द्यायचा.