लिंडबर्गचं विमान आणि वजनाचं गणित



चार्ल्स लिंडबर्गचं नाव तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. मे 1927. पंचवीस वर्षांचा पोरगा, एकटा, एका इंजिनाच्या विमानातून न्यूयॉर्कहून निघाला आणि कुठेही न थांबता पॅरिसला पोचला. ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगतात. धाडस होतंच हो. पण मला विचाराल तर ती आधी वजनकाट्याची गोष्ट आहे. किती ओझं न्यायचं, आणि ते ठेवायचं कुठे?

आता तुम्ही म्हणाल, कुठे ठेवलं त्याने काय फरक पडतो? जरा बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. गाडी भरताना जुनी माणसं दोन शब्द वापरायची. ओझं पुढे जास्त झालं तर गाडी 'धुरजड', सगळा भार बैलांच्या मानेवर. मागे जास्त झालं तर 'उलाळ', म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो. पोती तेवढीच, फक्त जागा बदलली.

विमानाचंही तसंच. त्यातही त्या काळच्या छोट्या विमानांना दोन मोठी चाकं पुढे असायची आणि शेपूट मागे जमिनीला टेकलेलं. (लिंडबर्गच्या विमानाला शेपटीखाली चाकसुद्धा नव्हतं, नुसता घासत जाणारा टेकू.) अशा विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या किंचित मागे असावा लागतो. फार पुढे सरकला, की चाक चिखलात अडकल्यावर विमान नाकावर आपटणार. फार मागे गेला, तर धावताना शेपूट लवकर उचलत नाही, आणि उचललंच तर हवेत नाक वर-वर जात राहतं. उलाळ गाडीत निदान खाली उतरता तरी येतं!

न्यूयॉर्क ते पॅरिस या उड्डाणाला 25,000 डॉलरचं ऑर्टेग बक्षीस होतं, आणि त्यामागे लागलेल्यांना वजनानेच मारलं. सप्टेंबर 1926 मध्ये फ्रान्सचा युद्धवीर रेने फाँक तीन इंजिनांचं, सुमारे 28 हजार पौंडांचं विमान घेऊन धावला. आत रेडिओ, झोपायला बिछाना, सगळा थाट. विमान उठलंच नाही. धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटलं, चौघांपैकी दोघे गेले. एप्रिल 1927 मध्ये नोएल डेव्हिस आणि स्टँटन वूस्टर पूर्ण भाराच्या चाचणीतच मेले.

लिंडबर्गने सॅन डिएगोच्या रायन कंपनीला गाठलं. तिथल्या डोनाल्ड हॉल या इंजिनिअरने दोनेक महिन्यांत विमान उभं केलं. रिकामं वजन सुमारे 2,150 पौंड, भरल्यावर सुमारे 5,250. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन नुसतं पेट्रोल! आणि हे ओझं वाटेत संपत जाणार. टाकी मागे ठेवली तर पेट्रोल जळेल तसा तोल पुढे सरकणार, पुढे ठेवली तर मागे. म्हणून मुख्य टाकी बरोबर पंखाखाली, गुरुत्वमध्यापाशी बसवली. पायलट तिच्या मागे. हे लिंडबर्गनेच मागितलं होतं, कारण आपटलो तर इंजिन आणि टाकीच्या मध्ये चिरडायचं नव्हतं. मग तोल साधायला इंजिन पुढे सरकवलं.

याची किंमत? समोरचं काहीच दिसेना. पुढे बघायला छोटा पेरिस्कोप, नाहीतर बाजूच्या खिडकीतून डोकावायचं. शिवाय पंख लांब केले, पण वेळ वाचवायला शेपूट जुन्याच मॉडेलचं ठेवलं. त्यामुळे विमान सरळ राहीना, सतत सावरावं लागे. गंमत म्हणजे या कटकटीनेच पुढे त्याला झोप लागू दिली नाही.

बाकी कात्री कुठे-कुठे चालली बघा. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, पेट्रोलचे काटेसुद्धा नाहीत. बसायला वेताची खुर्ची. नकाशांचे नको ते भाग कापून टाकले. एका तिकीट संग्राहकाने एक पौंड टपाल नेण्यासाठी 1,000 डॉलर देऊ केले, तर नाही म्हणाला. रबरी होडी मात्र घेतली. समुद्रावर पॅराशूट काय कामाचं, हा हिशोब मला पटतो.

आता खरी धाकधूक. चाचण्यांमध्ये 300 गॅलनपर्यंतच भरून पाहिलं होतं, पुढे चाकांची भीती. 450 गॅलन घेऊन हे विमान कधी उडालंच नव्हतं. 20 मेची सकाळ, रात्रभर पाऊस, धावपट्टीवर चिखल. 7 वाजून 52 मिनिटांनी निघाला. सुरुवातीला माणसांनी ढकलून गती दिली. शेपूट उचललं, चाकं दोनदा सुटून पुन्हा टेकली, आणि शेवटी टेलिफोनच्या तारांवरून जेमतेम वीस फुटांनी विमान पार झालं.

पुढचे साडेतेहतीस तास तो पाच टाक्या आलटून-पालटून वापरत राहिला, तोल राखायला. काटे नव्हते, म्हणून हिशोब समोरच्या पॅनेलवर पेन्सिलीने, रेघा मारून. पॅरिसला उतरला तेव्हा 85 गॅलन शिल्लक होतं. विमान आज वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे, आणि त्या रेघा अजूनही पॅनेलवर आहेत.