टँक, हीलर आणि डीपीएस: ही वाटणी आली कुठून?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, फक्त या इतिहासात राक्षस आणि जादूगार जरा जास्त आहेत.

ज्यांनी क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळलंय त्यांना हे लगेच आठवेल. पुढे जायंट सोडायचे, तोफांचा मारा ते अंगावर घेतात. त्यांच्या डोक्यावर हीलर उडत ठेवायच्या. आणि मागून विझार्ड सोडून समोरचं गाव साफ करायचं. 2013 मध्ये हा गेम अँड्रॉइडवर आला आणि आमच्या अंबरनाथ लोकलमध्ये उभ्या उभ्या एका हाताने अटॅक करणारी पोरं दिसायला लागली. त्यांना कुणी क्लास घेऊन शिकवलं नव्हतं. तरी सगळ्यांना कळलं होतं: एकाने मार खायचा, एकाने मलमपट्टी करायची, बाकीच्यांनी मारायचं.

ऑनलाइन फँटसी गेम्समध्ये या त्रिकुटाला होली ट्रिनिटी म्हणतात. टँक, हीलर आणि डीपीएस. डीपीएस म्हणजे खरं तर दर सेकंदाला किती मार दिला तो आकडा. पण खेळाडूंनी आकड्याचंच नाव माणसाला दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

टेबलावरचा माणूस

सुरुवात 1974 ची. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ छापला. कॉम्प्युटर नाही, फक्त कागद, पेन्सिल आणि फासे. त्यात पात्रांचे तीनच प्रकार होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे लढणारा पुजारी.

हा पुजारी आला कसा, तेही मजेशीर आहे. आर्नेसनच्या घरच्या खेळात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं आणि कुणालाच आवरेना. त्याला आवर घालायला पुजाऱ्याचं पात्र तयार झालं. जखमा बऱ्या करण्याचे मंत्र त्याच्याकडे होते, पण पहिल्या लेव्हलला तर त्याला एकही मंत्र मिळायचा नाही. म्हणजे आपण आज ज्याला हीलर म्हणतो, तो तेव्हा निम्मा योद्धाच होता.

आणि मुख्य मुद्दा असा की राक्षस कुणावर धावून जाणार, हे टेबलावर बसलेला एक माणूस ठरवायचा. त्याला तारतम्य होतं. राक्षस हुशार असेल तर तो मागच्या जादूगाराकडे जाईल, बावळट असेल तर समोर दिसेल त्याला चावेल.

कॉम्प्युटरला तारतम्य कुठून आणायचं?

1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने मड नावाचा गेम लिहायला घेतला. त्याचा मित्र रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. चित्र नाही, सगळं अक्षरांतच. एकाच जगात अनेक माणसं एकदम खेळू शकत होती. पुढे 1991 च्या सुमाराला कोपनहेगन विद्यापीठाच्या पाच विद्यार्थ्यांनी डिकूमड बनवला. त्यात 'रेस्क्यू' अशी कमांड होती. तुमचा सोबती मार खातोय, तुम्ही ती कमांड टाइप केली आणि ती लागू पडली, की तुम्ही मध्ये पडायचात आणि राक्षस तुमच्यावर वळायचा. टँकचं बीज इथे आहे.

मग 16 मार्च 1999 ला एव्हरक्वेस्ट आला. त्याची धाटणी डिकूमडसारखी इतकी होती की कोड चोरल्याचा संशय घेतला गेला. शेवटी 2000 मध्ये एव्हरक्वेस्ट बनवणाऱ्यांनी शपथपत्रावर लिहून दिलं की आम्ही तो कोड वापरलेला नाही.

आता आतलं यंत्र कसं चालतं ते सांगतो. मी कोड लिहूनच पोट भरतो, त्यामुळे हा माझा आवडता भाग. प्रत्येक राक्षसाकडे एक यादी असते. यादीत प्रत्येक खेळाडूचं नाव आणि त्याच्यापुढे रागाचा आकडा. तुम्ही मारलंत, आकडा वाढला. तुम्ही कुणाला बरं केलंत, तरी तुमचा आकडा वाढला. टँकने डिवचलं, की तो यादीत सगळ्यात वर. राक्षस बिचारा एवढंच बघतो: सगळ्यात मोठा आकडा कुणाचा? त्याला हाण.

2004 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हे गणित घासूनपुसून पक्कं झालं. ढोबळमानाने एक पॉइंट मार म्हणजे एक पॉइंट राग. एक पॉइंट उपचार म्हणजे अर्धा पॉइंट राग. जवळून मारणाऱ्याने टँकच्या 110 टक्के राग ओलांडला किंवा लांबून मारणाऱ्याने 130 टक्के, तर राक्षस वळला म्हणून समजा. हे नियम सुरुवातीला खेळाडूंनी स्वतः प्रयोग करकरून शोधले.

मोकळ्या मैदानातली खिंड

आता जुलै 1660 मध्ये या. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. शिवाजी महाराज रात्री निसटून विशाळगडाकडे निघाले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांना घेऊन उभे राहिले. हजारोंचं सैन्य असलं तरी खिंडीत एका वेळी मोजकेच लोक पुढे येऊ शकतात. आणि पुढे जायचं तर बाजीप्रभूंना ओलांडूनच. शत्रूला दुसरा पर्यायच नव्हता.

वॉरक्राफ्टमध्ये नेमकं हेच नाही. तिथे राक्षस तुमच्या अंगातून आरपार जाऊ शकतो. दारात उभं राहून काही अडत नाही. म्हणून प्रोग्रामरने रागाची यादी बनवली. माझ्या मते ती यादी म्हणजे कोडमध्ये लिहिलेली खिंड आहे. 2008 मध्ये वॉरहॅमर ऑनलाइन या गेमने अंगाला अंग अडेल अशी सोय केली, तेव्हा तिथले टँक खरोखर वाट अडवून उभे राहायला लागले.

आणि माणूस समोर असेल तर राग वगैरे चालत नाही. दोन टीम भिडल्या की पहिला बळी हीलरचा, कारण समोरचा शहाणा असतो. माणसाचं लक्ष वळवायचं तर त्याला फसवावंच लागतं. त्याच रात्री महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद पालखीत बसले, ते यासाठीच. अर्थात गेममधला टँक मेला तर मिनिटभरात उठून परत येतो. ही माणसं परत आली नाहीत. म्हणून तुलना इथेच थांबवतो.

टँक कुणालाच व्हायचं नसतं

एव्हरक्वेस्टमध्ये क्लेरिककडे एक मोठा उपचाराचा मंत्र होता, पण तो पूर्ण व्हायला दहा सेकंद लागायचे. तेवढ्यात टँक मरणार. मग बरेच क्लेरिक रांगेत नंबर लावायचे. एकाने मंत्र सुरू केला की दोन-तीन सेकंदांनी दुसरा, मग तिसरा. तासन्‌तास हेच. समोर ड्रॅगन नाचतोय आणि ही माणसं घड्याळ बघतायत.

वॉरक्राफ्टच्या डंजनला पाच जण लागतात: एक टँक, एक हीलर, तीन मारणारे. डिसेंबर 2009 मध्ये कंपनीने आपोआप टीम जमवणारी सोय आणली आणि एक गोष्ट उघडी पडली. मारणारे रांगेत ताटकळायचे, टँकला लगेच जागा मिळायची. प्रत्येकाला मारायचंच होतं. शेवटी 2011 मध्ये ज्या भूमिकेचा तुटवडा असेल त्याला जादा बक्षीस द्यायला सुरुवात झाली.

मग 2012 मध्ये गिल्ड वॉर्स 2 ने म्हटलं, ही भानगडच नको. वेगळा हीलर नाही, ज्याने त्याने आपलं बघावं. झालं काय? पाचही जण एका कोपऱ्यात गठ्ठा करून उभे राहायचे आणि राक्षस पडेपर्यंत धोपटायचे. 2015 च्या विस्तारात मोठ्या लढाया आल्या, आणि त्यांच्याबरोबर टँक आणि हीलरसुद्धा गुपचूप परत आले.

आपल्या फोनवर

आपल्याकडे बहुतेकांना हे त्रिकूट मोबाइलवर भेटलं. मी मोबाइल लीजेंड्समध्ये टायग्रिअल घ्यायचो, म्हणजे टँक, कारण बाकी चौघं मार्क्समनसाठी भांडत बसायचे. 29 जून 2020 ला बंदी आलेल्या 59 ॲप्समध्ये तोही गेला. आज बीजीएमआयमध्ये रागाची यादी नाही, समोर माणसंच आहेत. तरी टीममध्ये ॲसॉल्टर असतो, स्नायपर असतो, सपोर्ट असतो. धूर फेकून पडलेल्याला उठवणारा तो सपोर्ट. मॅच संपल्यावर मात्र पहिला प्रश्न एकच: किल किती?

इथे मला सुरुवातीची गोष्ट आठवते, आकड्याचं नाव माणसाला देण्याची. मारणाऱ्याचा आकडा वाढताना दिसतो. टँकने काम चोख केलं तर काय दिसतं? काहीच घडलं नाही असं दिसतं. कुणी मेलं नाही, राक्षस वळला नाही. न घडलेल्या गोष्टीचा आकडा कसा काढणार? आमच्या धंद्यातही रात्री दोनला सर्व्हर सांभाळणाऱ्याचं हेच असतं. नवीन फीचर बनवणाऱ्याचा डेमो होतो. सर्व्हर बंद पडला नाही याचा डेमो होत नाही.

पन्नास वर्षांत गेम बनवणाऱ्यांनी टँक आणि हीलर काढून बघितले, त्यांना लाच देऊन बघितली. पण ज्याचं काम दिसत नाही त्याच्यावाचून टीम उभी राहत नाही, हे काही त्यांना बदलता आलं नाही. तेव्हा आज रात्री खेळायला बसाल तेव्हा एकदा सपोर्ट घेऊन बघा. आणि घ्यायचा नसेल, तर निदान उठवणाऱ्याला थँक्यू तरी म्हणा.