रस्त्यावरचा पहारा आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

नगराला पहारा हा काही नवा नाही. वेस होती तेव्हा वेशीवर चौकी होती, आणि गावचा जागल्या कोण आले, कोण गेले हे पाहतच असे. परंतु जागल्याला डोळे दोनच होते. त्याला झोप येई, आणि पाहिलेले बरेचसे तो विसरून जाई. सामान्य माणसाचे पुष्कळसे स्वातंत्र्य कायद्यापेक्षा या विसराळूपणावरच उभे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आता चौकाचौकांत उभा राहिलेला यांत्रिक पहारेकरी झोपत नाही आणि विसरतही नाही. शिवाय अलीकडे त्याला कृत्रिम बुद्धीची जोड मिळाल्यामुळे पाहिलेल्याचा अर्थही तोच लावू लागला आहे. हा पहारेकरी नगरात कसा शिरला, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचे जन्मस्थान इंग्लंड. मोटारीचा क्रमांक आपोआप वाचणारे यंत्र तेथील पोलिसांच्या शास्त्रीय विभागात १९७६ साली तयार झाले. हेतू साधा होता: चोरीच्या मोटारी पकडणे. १९८१ साली या यंत्राच्या साह्याने पहिली अटक झाली, तेव्हा कोणाचीही तक्रार नव्हती. चोर पकडला जावा असे कोणाला वाटत नाही? पुढे आयर्लंडच्या प्रश्नावरून लंडनच्या पेढ्यांच्या भागात बाँबस्फोट झाले. २४ एप्रिल १९९३ रोजी बिशप्सगेट येथे झालेल्या स्फोटानंतर त्या भागाभोवती चौक्यांचे आणि कॅमेऱ्यांचे एक कडे उभे राहिले. लोकांनी त्याला ‘पोलादी कडे’ असे नाव दिले. १९९७ साली क्रमांक वाचणारी यंत्रे त्या कड्यावर बसली. हेही लोकांनी मान्य केले, कारण भय खरे होते.

१७ फेब्रुवारी २००३ पासून लंडनच्या मध्यभागी गर्दीच्या वेळी मोटार नेणाऱ्यावर कर बसला, आणि तो वसूल करण्यासाठी शेकडो कॅमेरे लागले. हे कॅमेरे कराचे होते, पोलिसांचे नव्हते. तथापि २००७ साली सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून माहिती-संरक्षणाच्या कायद्यातून सूट देऊन त्या कॅमेऱ्यांची नोंद पोलिसांना त्या त्या क्षणी मिळण्याची व्यवस्था केली. आपल्याकडे ‘चंचुप्रवेशे मुसलप्रवेश:’ असा न्याय आहे. चोच शिरण्यापुरती फट मागायची आणि मागाहून मुसळ घालायचे, त्यातलाच हा प्रकार.

या न्यायाचा कळस बर्मिंगहॅम शहरात झाला. २०१० साली मुसलमान वस्ती मोठी असलेल्या दोन मोहल्ल्यांत दोनशेहून अधिक कॅमेरे बसविण्यात आले. त्यांपैकी ७२ छुपे होते. गुन्हे आणि दांडगाई यांना आळा घालण्यासाठी हे चालले आहे, असे रहिवाशांना सांगण्यात आले. पुढे उघड झाले की, सुमारे तीस लाख पौंडांचा हा खर्च दहशतवादविरोधी निधीतून झाला होता. मग सभा भरल्या, वकील उभे राहिले, आणि कॅमेरे चालू होण्यापूर्वीच त्यांच्यावर पिशव्या चढवाव्या लागल्या. दुसऱ्या भागाच्या पोलीसप्रमुख सारा थॉर्नटन यांनी चौकशी करून कडक अहवाल दिला, स्थानिक पोलीसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली, आणि २०११ साली खांब उपटले गेले. लक्षात घ्या, येथे कोणालाही अटक झाली नव्हती, कोणाचाही दंड वसूल झाला नव्हता. हानी झाली ती विश्वासाची. आपल्याच गल्लीत आपल्याला न सांगता संशयित ठरविले गेले, ही ती जखम होती.

याची फलश्रुती कायद्यात झाली. २०१२ साली ब्रिटिश संसदेने स्वातंत्र्यरक्षणाचा एक कायदा करून कॅमेऱ्यांसाठी आचारसंहिता आणि स्वतंत्र आयुक्त यांची तरतूद केली. २०१३ साली रॉइस्टन या चिमुकल्या गावाभोवतालचे कॅमेऱ्यांचे कडे तेथील माहिती-आयुक्तांनी बेकायदा ठरविले. नोंद झाल्यावाचून एकही मोटार त्या गावात येऊ शकत नव्हती की बाहेर जाऊ शकत नव्हती, आणि एवढ्या मोठ्या पहाऱ्याची गरज पोलिसांना सिद्ध करता आली नव्हती.

अमेरिकेतील सॅन दिएगोची कथा याहून शिकविणारी आहे. २०१६ साली त्या नगराने वीज वाचविणारे रस्त्यावरचे दिवे मंजूर केले. तीन हजारांहून अधिक दिव्यांत वाहने आणि पादचारी मोजणारी यंत्रे होती, आणि त्या यंत्रांत कॅमेरे होते. वाहतूक मोजण्यासाठी घेतलेली ही सोय पुढे गुन्ह्यांच्या तपासात वापरली जाऊ लागली, आणि २०२० च्या निदर्शनांच्या काळातील चित्रेही पोलिसांनी पाहिली. गवगवा झाला, आणि त्याच वर्षी महापौरांनी ती यंत्रे बंद करविली. मग पाळत ठेवणारे कोणतेही साधन घेण्यापूर्वी नगरसभेची उघड मंजुरी हवी, असा नियम झाला. २०२३ साली नव्या कॅमेऱ्यांना मंजुरी मिळाली, पण ती या वेळी भर सभेत, साधकबाधक चर्चेनंतर. कॅमेरे आले, हे खरे. परंतु ते चोरपावलांनी आले नाहीत.

याविरुद्ध दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली वेग, मार्गिका आणि पट्टा तपासणारी स्वयंचलित यंत्रणा सुरू झाली, ती याच चिंतेतून. यंत्र ओळख पाहून सोडत नाही, चिरीमिरी घेत नाही, हा गुण कोण नाकारील? पण वेग मोडणाऱ्याची नोंद घेणे वेगळे, आणि न मोडणाऱ्याचीही रोजची ये-जा साठवून ठेवणे वेगळे. आपण कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या देवळात किंवा मशिदीत जातो, कोणत्या सभेला जातो, हे सारे त्या साठ्यात आपोआप लिहिले जाते.

आपल्या न्यायालयांनी या प्रश्नावर दीर्घ प्रवास केला आहे. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या. परंतु खासगी जीवनाचा मूलभूत हक्क बहुमताने मानला नाही. न्या. सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तो हक्क एकमताने मान्य केला. राज्यसंस्थेला त्याला मर्यादा घालायची असेल तर कायदा हवा, उचित हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. मात्र २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने सरकारला आपल्या संस्थांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे. म्हणजे दार आहे, पण त्याची कडी आतल्या माणसाच्या हाती आहे.

म्हणून नगरपालिकेने कॅमेरा बसविला की नागरिकाने चार प्रश्न विचारावेत. हा कशासाठी? चित्रे किती दिवस ठेवणार? ती आणखी कोणाला मिळणार? यंत्र चुकले तर दाद कोठे मागायची? ही विचारणा म्हणजे राज्यद्रोह नव्हे की गुन्हेगारांची वकिली नव्हे. बर्मिंगहॅमच्या रहिवाशांनी हेच विचारले, म्हणून तेथले खांब निघाले. पहारेकरी ठेवावा, पण त्याचा धनी कोण, हे नगराने स्वत: ठरवावे.