नारू गेला, जंत राहिले

नगर-पुणे रस्त्यावरचे सुपा म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे नव्हे; ते बारामतीकडचे. हे पारनेर तालुक्यातले, पर्जन्यछायेतले, अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळे नावारूपाला आलेले गाव. या टापूचा इतिहास दुष्काळांवरून सांगितला जातो आणि 1972 चे साल अजून बोलण्यात येते. त्या सांगण्यातून पाणी किती होते हे कळते. ते कुठून भरले जाई आणि त्याबरोबर पोरांच्या पोटात काय जाई, हे मागे राहते. दख्खनच्या कोरडवाहू मुलखाने नारू आणि जंत हे दोन्ही पिढ्यानपिढ्या सोसले. नारूवर ना लस होती ना तो मारणारे औषध, तरी तो देशातून नाहीसा झाला. जंतांवर स्वस्त, निर्धोक गोळी कित्येक वर्षे हाताशी आहे, तरी ते टिकून आहेत. ही उलटी गोष्ट घडली, कारण नारूच्या बाबतीत आपण त्याचा रस्ता तोडला आणि जंतांच्या बाबतीत मुलाचे पोट साफ करण्यावरच भागवले, असे माझे म्हणणे आहे.

नारू आतड्यात राहत नाही, पण शिरतो तोंडावाटेच. बारवेच्या पायऱ्या उतरून माणूस पाण्यात पाय बुडवी, पायावरच्या फोडातून अळ्या पाण्यात सुटत, पाण्यातला सूक्ष्म सायक्लॉप्स त्या गिळी आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून साधारण वर्षाने दीड-दोन हात लांबीचा दोरा बाहेर पडे. बारव बांधणे हे पुण्यकर्म. नगर जिल्ह्यातल्याच चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव अशा बांधकामांसाठी देशभर घेतले जाते. दोष बारवेचा नव्हता, पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायरीचा होता. 1870 च्या सुमारास रशियन संशोधक फेदचेन्को यांनी सायक्लॉप्सचा दुवा दाखवला, पण खेड्यातले पाणी बदलायला आणखी शंभर वर्षे गेली. 1972 नंतर कातळात बोअर घेणाऱ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून भक्कम पंप घडले, आणि सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार झाला. हापशाच्या पाण्यात कुणाला पाय घालता येत नाही. 1983-84 मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम उभा राहिला तेव्हा महाराष्ट्रासह 7 राज्यांत मिळून सुमारे 40 हजार रुग्ण होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा बदलल्या, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकले गेले, बायकांनी घागरीच्या तोंडाला फडके बांधले. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

यावर कुणी म्हणेल की नारू हा सोपा शत्रू होता: डोळ्यांना दिसणारा, एकाच वाटेने येणारा. हे खरे आहे, आणि जंतांशी केलेली तुलना म्हणूनच जपून वापरायला हवी. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. ती विष्ठेबरोबर मातीत पडतात, ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात आणि सावलीच्या मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. पण याच जीवनक्रमात माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. हा जंत माणसाच्या पोटात संख्येने वाढत नाही. मुलाच्या पोटात जेवढे जंत, तेवढी पक्व अंडी त्याने बाहेरून गिळलेली असतात. म्हणजे पोटातली संख्या ही अंगणाची, ओढ्याकाठची, भाजीच्या वाफ्याची मोजणी आहे. गोळीने ती आज शून्यावर आणली, तरी अंगण तेच असेल तर काही महिन्यांत ती पुन्हा भरते.

कारणच टाळायला हवे, हे आपल्या जुन्या वैद्यकाला ठाऊक होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर तीन पायऱ्यांची चिकित्सा आहे: ते ओढून काढणे, त्यांना पोषक अशी शरीरातली स्थिती मोडणे आणि ज्यामुळे ते होतात ते कारणच टाळणे. घराघरांत पहिल्या दोन पायऱ्या टिकल्या. वावडिंग, पळसपापडी, ओवा, कारल्याचा रस, वरून एरंडेल. तिसरी पायरी मात्र 'गोड खाऊ नकोस, जंत होतील' एवढ्यावर आक्रसली. गुळाने जंत होत नाहीत. त्या समजुतीने दोष पोराच्या जिभेवर आणि आईच्या लाडावर गेला, आणि गावाबाहेरची हागणदारी त्यातून सुटली. मला हे फार नुकसानीचे वाटते, कारण सार्वजनिक गोष्ट त्यामुळे खासगी झाली.

केवळ औषधाने काम भागत नाही हे दुसरीकडेही दिसले होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात 1909 मध्ये रॉकफेलरच्या पैशावर अंकुशकृमीविरुद्ध मोहीम निघाली. शाळकरी मुलांत सुमारे 40 टक्के बाधित होती. थायमॉल दिले गेले, पण उपचारानंतर पुन्हा लागण होतच राहिली. पुढे संडास, पादत्राणे आणि बरी घरे आली, तसा तो कृमी हटला. आपल्याकडे 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मिळते. उत्तर प्रदेशात सुमारे 10 लाख मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनी ही गोळी देऊनही वजनात किंवा मृत्युदरात ठळक फरक आढळला नाही. यावरून गोळी बंद करा, असा अर्थ काढणे चूक आहे. ज्या मुलाच्या पोटात जंतांचा गोळा होऊन आतडे अडण्याचा धोका असतो, त्याचा तो धोका ती वेळीच टाळू शकते. सरासरीत न दिसणारे दुखणे एकेका मुलाच्या पोटात खरे असते. पण गोळी पोचली म्हणजे प्रश्न मिटला, हेही त्या आकड्यांतून निघत नाही.

दुसरा आक्षेप सुप्यासारख्या गावाकडूनच येईल: इथली माती उन्हाने भाजते, जंत टिकणार कसे? अंकुशकृमीच्या अळीला ओल आणि सावली लागते, त्यामुळे कोकणाच्या मानाने इथे तिला थारा कमीच. पण जिथे विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी पिकाला मिळते, तिथे मातीत ओल राहतेच. शिवाय जिआर्डिया, अमिबा, बुटका फीतकृमी, गुदद्वाराशी खाज आणणारे बारीक कृमी यांना मातीत पिकावे लागत नाही. ते हातावरून आणि पाण्यातून पसरतात. पिण्याला टँकर लागतो तिथे हात धुवायला पाणी कुठले? कोरडेपणा एका टोळीला अडवतो आणि दुसरीला दार उघडून देतो. अल्बेंडाझोलच्या एका गोळीने अमिबा मरत नाही, जिआर्डियावरही तेवढी पुरत नाही.

याच जिल्ह्यात रस्ता तोडण्याच्या विचाराचा पाया घातला गेला होता. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले, तेव्हा दवाखान्याइतकेच महत्त्व त्यांनी बोअरला आणि गावातल्या अल्पशिक्षित बायकांना दिले. हापसा दलित वस्तीत बसावा असा त्यांचा आग्रह असे. पारनेर तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीत 1975 नंतर पाणी अडवण्याची कामे सुरू झाली. 2000-01 पासून संत गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान आले, पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना हटकणारी गुड मॉर्निंग पथके फिरली, 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास बांधले गेले, ही लहान गोष्ट नाही. मात्र टाकीत पाणी नसलेला संडास मे महिन्यात अडगळीची खोली होतो, आणि तान्ह्या मुलाची शी आजही उकिरड्यावर फेकली जाते, कारण ती घाण नाही असेच मानले जाते. कारखान्यांभोवती भाड्याच्या खोल्यांच्या ज्या चाळी उभ्या राहतात, त्यांत एका संडासावर किती बिऱ्हाडे आहेत, ही मोजणी जंतनाशक दिनाच्या तक्त्यात येत नाही. तिथे भरला जातो तो गोळी घेतलेल्या मुलांचा आकडा. नारूच्या वेळी गावोगाव रुग्णांबरोबर विहिरीही मोजल्या गेल्या होत्या. अंगणवाडीच्या नळाला उन्हाळ्यात किती दिवस पाणी आले, हे लिहायला त्याच तक्त्यात एक रकाना वाढवणे ग्रामपंचायतीला आजही शक्य आहे.