लगाम नसलेला सारथी

टॅरोचे पत्ते म्हटले की आज भविष्यकथन आठवते. वस्तुतः पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते जन्मास आले ते खेळासाठी. १४४० मधील फ्लॉरेन्सच्या एका नोंदीत त्यांचे नाव ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजयाचे पत्ते, असे आढळते. हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसरी ज्ञानाचे अवशेष होत, असे कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये लिहिले, आणि पुराव्यावाचूनची ही कल्पना दूरवर पसरली. हे ध्यानी ठेवूनच ‘रथ’ या सातव्या पत्त्याचा अर्थ प्लेटोच्या आधारे लावून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. हे चित्र प्लेटोवरून काढले गेले, असा आमचा दावा नाही.

मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास रंगविलेल्या संचात या पत्त्यावर एक मुकुटधारी स्त्री आहे आणि तिचा रथ दोन पांढरे, पंख असलेले घोडे ओढीत आहेत. आर्थर एडवर्ड वेट यांनी योजिलेला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेला संच १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात रथावर चिलखत घातलेला वीर उभा आहे. घोड्यांच्या जागी एक काळा व एक पांढरा असे दोन स्फिंक्स आहेत. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गूढवादी एलिफास लेवी याची. वीराच्या हाती दंड आहे, लगाम मात्र नाही. स्फिंक्सही बसलेले आहेत. रथ जागचा हललेला नाही.

आता प्लेटोकडे वळू. ‘फीड्रस’ या संवादात, अथेन्सबाहेर इलिसस नदीच्या काठी चिनाराच्या सावलीत बसून, सॉक्रेटिस आत्म्याला पंख असलेल्या जोडरथाची उपमा देतो. विवेक हा सारथी. पांढरा घोडा मानी, शब्दानेच वळणारा; काळा आडदांड, चाबकालाही सहजी न जुमानणारा. प्रिय व्यक्ती दृष्टीस पडताच काळा घोडा रथ फरपटत तिच्याकडे नेतो. तिचा चेहरा जवळून पाहताच सारथ्याला मूळ सौंदर्याचे स्मरण होते आणि तो आदराने मागे सरून लगाम खेचतो. असे वारंवार घडते, तेव्हा कोठे काळा घोडा नमतो. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: सारथ्याला ते दर्शन घडले, ते त्या अनावर घोड्याने ओढून नेले म्हणूनच.

आमच्या वाचकांस येथे कठोपनिषद आठवेल. तेथे शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. आत्मा हा रथाचा धनी मात्र या सर्वांहून निराळा. प्लेटोच्या रथात असा निराळा धनी नाही. सारथी आणि दोन्ही घोडे मिळूनच आत्मा होतो. म्हणून तेथील काळा घोडा परका नव्हे. त्याला सोडून देऊन कोणाला पुढे जाता येत नाही.

‘रथ’ पत्त्याचा रूढ अर्थ विजय असा सांगतात. प्लेटोच्या कसोटीवर तो अपुरा ठरतो. स्वतः वेट यांनीही या वीराचे जिंकणे बाह्य जगातले आहे, अंतरातले नव्हे, असे नोंदवून ठेविले आहे. मुकुट मिळाला, चिलखत चढले. पण जुंपलेली दोन बळे एका वाटेने चालविण्याचे काम अजून उरलेलेच आहे, आणि त्यासाठी लागणारा लगाम चित्रात कोठेही दिसत नाही.

हा पत्ता उद्याचे भाकीत सांगतो, असे आम्हांस वाटत नाही. तो पाहणाऱ्यास एवढेच विचारतो: बाहेर जिंकलास खरा, पण घोडे कोणाच्या हाती आहेत? चित्रकर्त्यांच्या मनात हा प्रश्न असो वा नसो, प्लेटो वाचून झाल्यावर तो टाळता येत नाही.