हात धुण्याआधीचे ओझे

सेमेलवाइसची गोष्ट आपण वर्गात सांगतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासत. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवीत. १८४७ च्या मेमध्ये क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणे सुरू झाले आणि एप्रिलमधले १८ टक्के मृत्यू जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. बहुधा इथेच आपला तास संपतो.

कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिखाएलिस यांना हे चटकन पटले. त्यांनीही हात धुणे सुरू केले. पण पटले म्हणजे मागचेही सारे आठवले. १८४७ च्या उन्हाळ्यात त्यांनी नात्यातल्या एका बहिणीला तपासले होते आणि ती सूतिकाज्वराने गेली होती. त्याच सुमारास याच ज्वराने दगावलेल्या स्त्रियांची शवविच्छेदने त्यांनी केली होती. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आत्महत्या केली.

सेमेलवाइसच्या विरोधकांना आपण सरसकट हटवादी म्हणतो. काही होतेही. पण हे मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी मृत्यू नेला हे मान्य करणे होते. सेमेलवाइसने १८६१ च्या ग्रंथात मिखाएलिसची हकीकत दिली; आपल्या हातून किती जणी गेल्या याची मोजदाद नाही, हेही तिथेच लिहिले.